दुपारी डोळे मिटून बसते, खात नाही, तरी वजन वाढलंय: मादी व्हेल्ड कॅमेलिअन, ८ महिने

जर्सीतली_मंजिरी

नमस्कार. तातडीने सल्ला हवा आहे, म्हणून सगळी माहिती एकदम देते.

मादी व्हेल्ड (येमेनकडची कॅमेलिअन सरड्याची जात), वय अंदाजे ८ महिने, पिंजऱ्यात एकटी, नराशी कधीच गाठ नाही. ४ दिवसांपासून दुपारी डोळे मिटून बसते. आधी फक्त डावा डोळा मिटायची, कालपासून दोन्ही. पाणी फवारलं की उघडते आणि पाच मिनिटांत पुन्हा मिटते. डोळ्यांना सूज नाही, चिकटपणा नाही. रोज १० रातकिडे खायची, आठवडाभरात ते २-३ वर आलं आणि परवापासून काहीच नाही. विष्ठेतला एरवी पांढरा असणारा भाग आता गडद नारिंगी आणि कोरडा आहे. रंग काळपट हिरवा, त्यावर पिवळे आणि निळसर ठिपके. संध्याकाळी खाली उतरते आणि कुंडीच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी ओरबाडते. वजन ३ आठवड्यांपूर्वी ९१ ग्रॅम होतं, आज सकाळी १०९ ग्रॅम भरलं.

पिंजरा जाळीचा, २ x २ x ४ फूट. शेक घ्यायच्या फांदीवर ९५ फॅरनहाइट. यूव्हीसाठी गुंडाळीसारखा स्क्रू-इन बल्ब, ११ महिने जुना. दिवसातून दोनदा हाताने फवारणी. कॅल्शियम पावडर आठवड्यातून एकदा. तळाला फक्त पेपर टॉवेल.

हा डोळ्यांचा संसर्ग आहे का? सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे डोळ्यांचे थेंब दुकानात मिळतात, ते घालू का? आणि खात नाही तर सिरिंजने काही भरवायचं का?

रानफांदी

मंजिरीताई, थेंब आणि सिरिंज दोन्ही बाजूला ठेवा. आधी तुमच्या स्वतःच्या नोंदीकडे नीट बघा. आठवडाभर खाणं जवळपास बंद, आणि वजन १८ ग्रॅमनी वर. न खाणाऱ्या जनावराचं वजन वाढत नाही. ती अंड्यांवर आली आहे.

व्हेल्ड मादीला नर लागत नाही. वयाच्या ५-६ महिन्यांपासून ती कोंबडीसारखी वांझोटी अंडी धरते. काळपट अंगावर पिवळे-निळे ठिपके, अस्वस्थपणे खाली उतरणं, कोपरे ओरबाडणं, खाणं सोडणं, ही सगळी अंडी घालायची जागा शोधत असल्याची लक्षणं. तिथवर काळजीचं काही नाही, निरोगी मादीसुद्धा अंडी घालायच्या आधी काही दिवस खात नाही. काळजी आहे ती मिटलेल्या डोळ्यांची. कॅमेलिअन उजेडात डोळे मिटत नाही. जंगलात आजारी दिसला तो शिकार झाला, म्हणून हा प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो आणि ताकद संपली की मगच दिवसा डोळे मिटतो. जागा शोधतेय, जागा मिळत नाहीये आणि पाणी कमी पडलंय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. पेपर टॉवेलवर ती अंडी घालणार नाही. धरून ठेवेल. त्यालाच अंडी अडणं म्हणतात आणि त्यात मादी दगावते.

आज रात्रीच अंडी घालायचा टब तयार करा. अपारदर्शक प्लास्टिकचा टब, निदान १ फूट x १ फूट, वाळू निदान ८ इंच खोल, १२ इंच मिळाली तर उत्तम. वाळू म्हणजे मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू, तुमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ५० पौंडांच्या पोत्यात मिळते. बांधकामाची धारदार वाळू नको, आणि खतं घातलेली कुंडीची माती तर अजिबात नको. पाणी घालून खालपर्यंत कालवा. ओलावा बरोबर झालाय का हे बोटाने बघता येतं: बोट खुपसून तळापर्यंत तिरका बोगदा करा. बोगदा ढासळला तर वाळू कोरडी आहे. मूठ आवळल्यावर पाणी गळलं तर जास्त ओली. बोगदा उभा राहिला आणि मुठीतला गोळा न फुटता तसाच राहिला की झालं. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा खड्डा स्वतःच सुरू करून द्या, पुष्कळदा तिथूनच ती खणायला घेते. वरून टबात उतरायला जाड फांदी लावा.

पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चादर गुंडाळा. खणताना तिला माणूस दिसला तर ती खड्डा सोडून देते, आणि दोन-तीनदा असं झालं की धरूनच बसते. डोकावायचं नाही. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून ठेवा. खणायला एक-दोन दिवस लागू शकतात, मध्ये रात्री ती बोगद्यातच झोपते. तेव्हा उचलून फांदीवर ठेवू नका आणि दिवा नेहमीच्या वेळीच बंद करा. अंडी घातली की ती स्वतः खड्डा बुजवते, वरची वाळू पायांनी थोपटते. तोवर वाळूला हात लावायचा नाही.

पण तुमच्या बाबतीत नुसत्या टबावर भरवसा ठेवून दोन-तीन दिवस थांबू नका. डोळे उघडे असते, फांदीवरची पकड घट्ट असती, तर ते चाललं असतं. इथे उद्याच्या उद्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

सरीसृपवैद्य

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त दवाखान्याच्या बाजूने लिहितो.

कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात गेलात तर बहुधा प्रतिजैविक देऊन घरी पाठवतील आणि मोलाचे दोन दिवस जातील. अमेरिकेत एआरएव्ही ही सरीसृप आणि उभयचरांच्या पशुवैद्यांची संघटना १९९१ पासून आहे. तिच्या संकेतस्थळावर राज्याप्रमाणे डॉक्टर शोधता येतात. फोनवर एकच प्रश्न विचारा: "तुम्ही महिन्यात किती कॅमेलिअन बघता?" उत्तरावरून कळतं. आणि "डोळ्यांचा त्रास" असं सांगू नका. "अंडी अडल्याची शंका, दिवसा डोळे मिटते" असं सांगा, म्हणजे वेळ लवकर मिळेल.

तिथे काय व्हायला हवं? पहिला एक्स-रे. कवच धरलेली अंडी त्यात द्राक्षांच्या घडासारखी दिसतात आणि हाडांची घनताही त्याच फिल्मवर कळते. कवच दिसत नसेल तर सोनोग्राफी. कारण कधी कधी अंडी बनतच नाहीत, नुसते फॉलिकल (अंडाशयातले अंड्यांचे बलक) वाढून अडकतात. त्या मादीला टब देऊन काहीच उपयोग नसतो, तिला ऑपरेशनच लागतं. मग रक्तातलं आयनाइज्ड कॅल्शियम (शरीराला लगेच वापरता येणारं मोकळं कॅल्शियम) तपासायचं. शेपटीच्या खालच्या शिरेतून रक्त काढतात आणि १०० ग्रॅमच्या जनावरातून १ मिलिलिटरपेक्षा कमीच घ्यायचं असतं.

आता क्रम. आधी ऊब आणि सलाइन, मग कॅल्शियम, आणि त्यानंतर गरज पडली तरच ऑक्सिटोसिन (कळा आणणारं संप्रेरक). हा क्रम उलटा होता कामा नये. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. ते रक्तात नसताना ऑक्सिटोसिन दिलं तर अंडी हलत नाहीत, आणि कुठे एखादं मोठं किंवा वेडंवाकडं अंडं वाट अडवून बसलं असेल तर जोर लागून नळी फाटू शकते. शिवाय सरड्यांना ऑक्सिटोसिन कासवांइतकं लागू पडत नाही. म्हणून एक्स-रेशिवाय कोणी ते इंजेक्शन टोचायला निघालं तर थांबवा आणि कारण विचारा. पालकाला तेवढा हक्क आहे. औषधांनी काम झालं नाही तर अंडाशय आणि अंडनलिका काढायचं ऑपरेशन. जनावरात ताकद असताना केलं तर ते चांगलं सोसतात, अगदी गळून गेल्यावर केलं तर धोका फार वाढतो. म्हणून वाट बघण्याची किंमत जास्त.

सिरिंजबद्दल: कॅमेलिअनची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे, जिभेच्या बुडाशी उघडते. घाईघाईत पिचकारी मारली की पाणी सरळ फुप्फुसात जातं. आणि पाणी कमी पडलेल्या जनावराच्या पोटात अन्न भरलं तर ते पचत नाही, तिथेच सडतं. आधी पाणी, मग अन्न, आणि अन्नाचा निर्णय तपासल्यावर.

थेंबांबद्दल: डोळ्यात काही गेलंय अशी शंका असेल तर साधं निर्जंतुक सलाइन, खोलीच्या तापमानाचं, दोन थेंब, एवढंच. माणसांचे स्टेरॉइड असलेले थेंब नकोत. वेदनाशामक मिसळलेलं मलम नको. कॉन्टॅक्ट लेन्स धुवायचं द्रावण तर नकोच.

पालवी

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर, कारण हा प्रश्न इथे दर महिन्याला येतो. मिटलेला डोळा दिसला की सगळे 'इन्फेक्शन' म्हणतात. जरा जवळून बघावं.

संध्याकाळी दिवे जायच्या सुमारास डोळ्याचा उंचवटा फुग्यासारखा फुगतो, गरगर फिरतो, जनावर तो फांदीला घासतं आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. हे डोळा साफ करणं आहे, आजार नाही. फुगलेला दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर आत काहीतरी आहे किंवा संसर्ग आहे. डोळा आत गेलाय, खड्ड्यात बसल्यासारखा दिसतोय, तर पाणी कमी पडलंय. दोन्ही पापण्या जाड, आणि जोडीला शिकारीचा नेम चुकतोय, तर अ जीवनसत्त्व कमी. मात्र म्हणून अ जीवनसत्त्वाचे थेंब स्वतःच्या अंदाजाने पाजू नका. जास्त झालं की गळ्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. एकच डोळा, आणि त्याच बाजूला तोंडाच्या कोपऱ्यात गाठ, तर डोळा सोडा आणि जबडा बघा: तिथल्या ग्रंथीत घाण साचून पू होतो. डोळे दिसायला धडधाकट आणि तरीही दिवसा मिटलेले, जसे तुमच्या मादीचे, तर दुखणं डोळ्यांत नाही, अंगात आहे.

नाकाशी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. जादा क्षार ते नाकावाटे टाकतात. तोंड उघडं ठेवणं मात्र नीट तपासा. शेकाच्या फांदीवर बसून तोंड उघडलं आणि सावलीत गेल्यावर मिटलं तर गरम होतंय, दिवा वर घ्या. सकाळी थंड असतानाही तोंड उघडं, मान आकाशाकडे, श्वासाला बारीक टकटक किंवा शिटीसारखा आवाज, तोंडात तार धरणारी लाळ, तर तो फुप्फुसाचा संसर्ग. घरी बरा होत नाही.

आता तुमची मांडणी, ताई. स्पष्टच लिहिते. तिला ९५ अंश आणि रोज १० किडे दिलेत, म्हणून तिने अंडी धरली आणि बहुधा पुष्कळ धरली. येमेनमध्ये पाऊस पडून गेला, किड्यांचा सुकाळ झाला की माद्या भरपूर अंडी घालतात. तुमच्या पिंजऱ्यात बारा महिने तोच सुकाळ आहे. एका वेळी ५०-६० अंडी, कधी त्याहूनही जास्त. दर खेपेला हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं आणि मादी अल्पायुषी होते. ही खेप पार पडली की शेकाची फांदी ८० अंशांवर आणा, म्हणजे साधारण २७ सेल्सियस, आणि आठवड्यातून तीनच दिवस ३-४ किडे. पुढच्या खेपा लहान होतात, काही माद्यांच्या थांबतातही. आज मात्र तापमान एकदम उतरवू नका, ती आजारी आहे, ८५ च्या आसपास ठेवा.

तो गुंडाळीचा बल्ब काढा. उजेड दिसतो म्हणजे यूव्हीबी (अंगात डी जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण) आहे असं नसतं, असे बल्ब सहा महिन्यांत निकामी धरावेत, आणि नवा असतानाही त्याचा झोत एवढ्या उंच पिंजऱ्याला पुरत नाही. टी५ एचओ (बारीक पण जास्त ताकदीची) सरळ नळी, यूव्हीबी ५.० किंवा ६ टक्क्यांची, पिंजऱ्याच्या रुंदीएवढी, जाळीवर ठेवायची. फांदीवर बसलेल्या मादीच्या पाठीपासून जाळी ८-९ इंच. त्या जागी यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास मिळाला पाहिजे. मध्ये काच किंवा प्लास्टिक आलं की यूव्हीबी संपलं, म्हणून खिडकीतलं ऊन मोजायचं नाही. नळी दर वर्षी बदला, बसवल्याची तारीख तिच्यावरच पेनने लिहा.

कॅल्शियम आठवड्यातून एकदा हे फारच कमी. डी३ (जीवनसत्त्व डी३) नसलेली पावडर प्रत्येक खाण्याच्या वेळी, किड्यांवर पिठासारखी हलकी, थापलेली नको. डी३ आणि जीवनसत्त्वं असलेली महिन्यातून दोनदा. डी३ रोज दिलं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं, म्हणून "जास्त दिलं तर बरंच" हा हिशेब इथे चालत नाही.

पाणी: दिवे लागायच्या आधी आणि मालवल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा, दुपारी पानांवर थेंब-थेंब ठिबक. ठिबक म्हणजे तळाला टाचणीने भोक पाडलेला ग्लास जाळीवर ठेवला तरी पुरे. विष्ठेतला युरेट (लघवीचा घट्ट भाग) पांढरा आला की पाणी पुरतंय. टोकाला जरासा पिवळा चालतो. सगळाच नारिंगी आणि खरखरीत आला म्हणजे बरेच दिवस कमी पडतंय.

कोथरूडचा_वाचक

मध्येच विचारतो. सोसायटीच्या बागेत झाडाखाली एक सरडगुहिरा (आपल्याकडचा कॅमेलिअन) पडलाय, हालचाल अगदी मंद, एक डोळा बंद. वरची माहिती त्याला लागू पडेल का? घरी आणून पाणी देऊ का?

रानफांदी

नाही, घरी आणू नका. आपल्याकडचा सरडगुहिरा, काही भागांत त्याला घोयरा म्हणतात, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करा, ते बचाव पथकाशी जोडून देतील. ते येईपर्यंत कुत्री, मांजरं आणि कावळ्यांपासून राखा. रस्त्यावर असेल तर काठी पुढे धरा, तो स्वतः पकडतो, तशीच ती झुडपाच्या सावलीत टेकवा. तोंडात पाणी घालू नका. आणि तो विषारी नाही, त्याचा फुत्कार भीतीचा असतो, हे सोसायटीतल्या लोकांनाही सांगा. पुष्कळदा त्या गैरसमजापायीच त्याला मारतात.

एक जोड मंजिरीताईंसाठी: न्यू जर्सीत जून-जुलैत काजवे निघतात. पिंजरा अंगणात किंवा खिडकीशी ठेवत असाल तर फार जपा. अमेरिकेतल्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, एक काजवासुद्धा सरड्याला मारायला पुरतो.

जर्सीतली_मंजिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. टब भरून ठेवलाय, चादर लावली. एआरएव्हीच्या यादीतून दवाखाना मिळाला, उद्या सकाळी ९:३० ची वेळ आहे, गाडीने ४० मिनिटं. रात्री ती टबात उतरली, थोडं खणलं आणि पुन्हा डोळे मिटून वाळूवरच बसली. नेताना काय काळजी घेऊ? आणि सकाळपर्यंत तिने अंडी घातली तरी जाऊ का?

सरीसृपवैद्य

जा. अंडी घातली तरी जा. काही आत राहिलीत का हे एक्स-रेवरच कळतं, आणि एवढं पाणी कमी पडलेल्या मादीला सलाइन लागणारच. घातलेली अंडी मोजून आकडा सोबत न्या. फिल्मवर आधी आणि नंतर किती, याचा मेळ घालता येतो. वांझोटी आहेत, उबवायची गरज नाही.

रात्री तिला टबातून काढू नका. पिंजऱ्यात किमान ६८-७० फॅरनहाइट राहील एवढं बघा.

नेताना बुटांच्या खोक्याएवढा हवेशीर डबा घ्या, तळाला टॉवेलची घडी, त्यावर आडवी बांधलेली एक जाड फांदी, नाहीतर टॉवेलच घट्ट गुंडाळून तिला धरायला द्या. पकडायला काही नसलं की ती आपटते, आणि या अवस्थेत पोटावर आपटणं वाईट. डबा वरून झाका, अंधारात ती शांत राहते. गाडीत ७५-८०. गरम पाण्याची बाटली लावायची असेल तर डब्याच्या बाहेरून, एकाच बाजूला. वरून चिमटीत उचलायचं नाही. हात तिच्या पुढ्यात फांदीसारखा धरा, मागून हलकं ढकला आणि चढू द्या.

सोबत न्यायचं: शेवटची विष्ठा झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये ठेवलेली, २४ तासांच्या आतली, म्हणजे जंतांची तपासणीही त्याच खेपेत होईल. पिंजऱ्याचा, दिव्यांचा आणि पावडरच्या डब्यांच्या लेबलांचा फोटो. वजनाच्या तारखांसह नोंदी. ती १८ ग्रॅमची नोंद डॉक्टरांना सगळ्यात आधी दाखवा.

ती हाताळून झाल्यावर आणि डबीला हात लागल्यावर साबणाने हात धुवा. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या सरड्यातही असतो, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर विशेष.

आणि रात्रीतून जर ती आडवी पडली, हात लावल्यावर फांदी धरेना, किंवा शेपटीच्या बुडातून लालसर मांस बाहेर आलेलं दिसलं, तर ९:३० ची वाट बघू नका. त्या मांसावर सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ ठेवा, आत ढकलू नका, आणि जवळच्या रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्यात फोन करून निघा. त्या दवाखान्यात सरीसृप बघतात का, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा.